माल वेळेवर न पोहोचला तर... : मालेगावच्या वसाहतीपासून घ्यायचे धडे

व्यापारात भांडवल मोठे, हुनर मोठा की गिऱ्हाईक मोठे, असा सवाल नवीन धंद्यात उतरणारे तरुण आम्हाला नेहमी विचारतात. तिन्ही गोष्टी लागतात, यात शंका नाही. परंतु कापडाच्या तिजारतीत उभे आयुष्य गेल्यावर आमचे मत असे झाले आहे की या तिन्हींच्या आधी एक चौथी गोष्ट लागते. कच्चा माल ठरल्या दिवशी दारात आला पाहिजे. तो आला नाही तर हुनरमंद कारागीर हात बांधून बसतो, भांडवल कुजते आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाते. शहरात ही अडचण लवकर कळत नाही, कारण शेजारच्या गल्लीत दुसरा अडत्या असतो. आडवळणाच्या गावी, नव्याने वसलेल्या वस्तीत मात्र पहिला घाव इथेच बसतो.

याचा अभ्यास करण्यासाठी आपल्याला लांब जायला नको. आपल्याच नाशिक जिल्ह्यात मालेगाव आहे.

वसाहत कशी उभी राहिली

मोसम आणि गिरणा या नद्यांच्या संगमाजवळचे हे गाव पूर्वी अगदी लहान होते. नारो शंकर राजेबहाद्दर यांनी 1740 मध्ये येथे भुईकोट किल्ला बांधायला घेतला. ते काम सुमारे 25 वर्षे चालले आणि त्यासाठी सुरतेकडून व उत्तर हिंदुस्थानातून आलेले अनेक मुसलमान कारागीर येथेच स्थायिक झाले. 1818 मध्ये किल्ला इंग्रजांच्या हाती गेला, त्यानंतर हैदराबादकडूनही लोक आले. परंतु विणकरांचे मालेगाव घडले ते 1857 नंतर. बनारस, मऊ, आझमगड, इलाहाबाद या भागांत बंडानंतरची धरपकड, पाठोपाठ 1862 च्या सुमाराचा दुष्काळ आणि विलायती कापडाची मार, अशा तिहेरी तंगीत सापडलेले मोमीन विणकर बायकामुलांसह आग्रा रस्ता धरून दक्षिणेकडे निघाले. त्यातील काही भिवंडीला गेले, काही बुऱ्हाणपूरला थांबले, आणि बरेच मालेगावात वसले.

जागा निवडताना त्यांनी चूक केली असे म्हणता येणार नाही. सुताला खळ लावायला आणि रंगवायला पाणी लागते, ते दोन नद्यांमुळे होते. मुंबई-आग्रा रस्ता गावातून जात होता. आजूबाजूला खानदेश व बागलाणची मोठी वस्ती होती आणि तेथील बायकांना नऊवारी रंगीत लुगडी लागत. म्हणजे पाणी, रस्ता आणि गिऱ्हाईक या तिन्ही गोष्टी होत्या. नव्हते ते फक्त सूत.

कापूस दारात, सूत मुंबईत

ही गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण सगळा धडा इथेच आहे. खानदेश हा कापसाचा मुलूख. गिरणेच्या काठाने कापसाची शेते होती. तरीही विणकराला लागणारे सूत त्या शेतांतून थेट येत नसे. हाताने कातलेले सूत गिरणीच्या सुतापुढे महाग पडू लागले होते. गिरणीचे सूत एक तर विलायतेतून मुंबई बंदरात उतरत असे, किंवा मुंबईच्या गिरण्यांतून येत असे. मुंबईत पहिली कापड गिरणी 1854 मध्ये स्थापन झाली. जळगावात गिरणी निघाली ती 1870 च्या दशकात, आणि अमळनेरला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. तोपर्यंत खानदेशाचा कापूस मुंबईला जाई आणि सूत होऊन तेथूनच परत येई.

त्यातच मालेगावात वस्ती वाढत असताना अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी युद्ध चालू होते. अमेरिकेचा कापूस बंद झाल्यामुळे मँचेस्टरने हिंदुस्थानचा कापूस मिळेल त्या भावाने उचलला. कापूस पिकवणाऱ्यांची चांदी झाली, पण विणकराला सूत परवडेना. हजारो मैलांवरच्या लढाईने मोसमकाठचा माग थांबावा, ही गोष्ट त्या काळातही नवी नव्हती आणि आजही जुनी झालेली नाही.

वाहतुकीची अडचण वेगळीच. रेल्वेने 1865 मध्ये थळ घाट ओलांडला आणि लोहमार्ग मनमाडवरून भुसावळकडे गेला. मालेगाव बाजूला राहिले. मनमाड स्टेशन येथून सुमारे 38 किलोमीटर. लादलेली बैलगाडी दिवसाला साधारण 20 ते 25 किलोमीटर चालते. म्हणजे मुंबईहून रेल्वेने मनमाडला आलेल्या सुताच्या गासडीला शेवटच्या 38 किलोमीटरसाठी दीड-दोन दिवस लागत, आणि पावसाळ्यात चिखल व नाल्यांमुळे किती लागतील याचा नेम नसे. मालेगावकरांना आपल्या गावच्या स्टेशनाची वाट पाहत दीडशेहून अधिक वर्षे झाली. मनमाड ते इंदूर या 309 किलोमीटरच्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2024 मध्ये मंजुरी दिली. हा मार्ग मालेगाव व धुळ्यावरून जायचा आहे.

मधल्या माणसाचे राज्य कसे आले

गरीब विणकर स्वतः मुंबईला जाऊ शकत नव्हता. तेथे सूत पूर्ण गासडीने विकले जाई. गासडी 400 रतलांची, म्हणजे सुमारे 181 किलोची. विणकराला लागे 10 रतली बंडल, कधी त्याहूनही कमी. मोठी गासडी घेऊन ती बंडलांत फोडणारा, गाडीभाडे भरणारा, माल ओला झाला तर नुकसान सोसणारा आणि शिवाय महिनाभर उधार देणारा माणूस मध्ये पाहिजेच होता. तो सावकार-व्यापारी होता. त्याला केवळ शिव्या देण्यात अर्थ नाही, तो एक खरे काम करीत होता. परंतु जेथे सूत देणारा एकच असतो तेथे भाव त्याचाच असतो. पुढे लुगडे घेणाराही तोच झाला की विणकर नावाला कारखानदार राहतो आणि प्रत्यक्षात मजूर होतो.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. 1914 च्या पहिल्या महायुद्धात रंगांची टंचाई आली, कारण कृत्रिम रंग मुख्यतः जर्मनीहून येत. रंगीत लुगडे विणणाऱ्या गावाला रंग नसणे म्हणजे मीठ नसलेली पंगत. 1935 च्या सुमारास वीज आली आणि यंत्रमाग सुरू झाले. तेव्हापासून सुताच्या जोडीला वीज हाही कच्चा माल झाला. दुसऱ्या महायुद्धात सरकारने 1943 साली कापड व सूत नियंत्रण हुकूम काढला. परवाना, कोटा आणि ठरलेला भाव आला, आणि पाठोपाठ काळाबाजारही आला. अशा वेळी ज्याच्या मागाची कोठेच नोंद नाही, त्याची गरज कागदावर दिसत नाही, आणि कागदावर न दिसणारी गरज कोट्यातही येत नाही. 1948 नंतर हैदराबाद संस्थानातून आणखी लोक आले. हातमाग मागे पडून यंत्रमाग वाढत गेले. मार्च 2020 च्या टाळेबंदीत सूत, वीज, मजूर, गिऱ्हाईक सगळे एकदम थांबले, हे तर आपण सर्वांनी डोळ्यांनी पाहिले.

नव्या वस्तीचा नियम

मालेगाव हे एकटे उदाहरण नव्हे. इंग्रजांनी अमेरिकेत 1607 मध्ये जेम्सटाऊन येथे वसाहत केली. 1609 मध्ये रसद घेऊन निघालेला जहाजांचा काफिला वादळात सापडला आणि मुख्य जहाज बर्म्युडाच्या किनाऱ्यावर फुटले. त्यातच आसपासच्या मूळ रहिवाशांशी वैर झालेले, त्यामुळे बाहेर जाऊन धान्य आणणेही बंद. 1609-10 च्या हिवाळ्यात सुमारे 500 पैकी जेमतेम 60 माणसे वाचली. एका जहाजावर सगळी मदार, आणि शेजाऱ्यांशी संबंध तुटलेले, या दोन गोष्टी एकत्र आल्या की वस्ती टिकत नाही. मालेगावचा विणकर टिकला, कारण त्याचे शेजारच्या शेतकऱ्याशी, आठवड्याच्या बाजाराशी आणि गाडीवानाशी रोजचे देणे-घेणे होते.

आता आपल्या कामाचे धडे एकेक करून पाहू.

धडा 1 : आपल्या मालाच्या कड्या मोजा

वहीच्या एका पानावर लिहून काढा. माल मूळ कोठे तयार होतो, तेथून आपल्या दारापर्यंत किती हात बदलतो, आणि प्रत्येक टप्प्याला किती दिवस लागतात. आजही खानदेशातला कापूस जवळच पिंजला जातो आणि सूतकताईसाठी तामिळनाडूपर्यंत जातो. येवल्याचा पैठणी विणणारा भाऊ रेशमासाठी बंगळूरकडे आणि जरीसाठी सुरतेकडे पाहतो. मालेगावचे कोरे कापड रंगाई-छपाईसाठी राजस्थानात पाली-बालोत्र्याला जाते. यातील कोणती कडी तुटली तर आपण किती दिवसांत थांबू, हे ज्याला ठाऊक नाही तो अंधारात गाडी हाकतो आहे.

धडा 2 : किमान किती साठा ठेवावा

हा हिशोब अवघड नाही. समजा, एका कारखान्यात 8 साचे आहेत आणि रोज 30 किलो सूत लागते. माल एरवी 4 दिवसांत येतो, पण पावसात, संपात किंवा सणासुदीला 9 दिवस लागतात. बहुतेक भाऊ 4 दिवसांचा, म्हणजे 120 किलो साठा उरला की मागणी पाठवतात. एरवी चालून जाते. ज्या दिवशी गाडी 9 दिवसांनी येते त्या वेळी मात्र 5 दिवस साचे बंद पडतात. एका साच्यामागे दिवसाचे खर्च वजा जाता 150 रुपये सुटतात असे धरले तर 8 साच्यांचे 5 दिवसांचे नुकसान 6,000 रुपये झाले. शिवाय कारागीर दुसरीकडे निघून गेला तर तो परत येईलच असे नाही.

म्हणून मागणी नेहमीच्या दिवसांवर न ठरवता वाईट दिवसांवर ठरवावी. 9 गुणिले 30, म्हणजे 270 किलो उरले की मागणी गेली पाहिजे. 150 किलो जास्तीचे सूत ठेवण्यासाठी 250 रुपये किलोने 37,500 रुपये अडकतात. ही रक्कम खर्ची पडत नाही, मालाच्या रूपाने आपल्याच घरात असते. वर्षात दोनदा जरी गाडी अडकली तरी 12,000 रुपयांचे नुकसान वाचते.

याची दुसरी बाजूही सांगणे आमचे कर्तव्य आहे. भाव वाढेल या आशेने महिनोन्‌महिने सूत भरून ठेवणे हा वेगळा धंदा आहे आणि तो कारागिराचा नव्हे. मे 2022 मध्ये कापसाच्या खंडीचा (356 किलो) भाव एक लाख रुपयांच्या वर गेला होता आणि त्याच वर्षाच्या अखेरीपर्यंत तो बराच उतरला. शिखरावर साठा केलेल्यांचे काय झाले ते बाजाराला माहीत आहे. साठा वाटेतील उशिरासाठी ठेवावा, भावाच्या सट्ट्यासाठी नव्हे. आणि ठेवताना जमिनीपासून उंच, फळीवर ठेवावा. आपल्याकडच्या पावसाळ्यात खळ लावलेल्या सुताला बुरशी लवकर येते, उंदीरही लागतात.

धडा 3 : लहान वस्तू विसरू नका

सुताची काळजी सगळे घेतात. पण साचा बंद पडतो तो पुष्कळदा धोटा, पिकर, पट्टा किंवा फणी यांसारख्या किरकोळ वस्तूसाठी. शहरात ही वस्तू अर्ध्या तासात मिळते, आडगावी दोन दिवस जातात. ज्या वस्तूची किंमत थोडी, पण जिच्यावाचून काम थांबते, ती नेहमी जोडीने घरात असावी. महाग आणि क्वचित लागणारा सुटा भाग मात्र प्रत्येकाने घेण्याऐवजी चार शेजाऱ्यांनी मिळून एक ठेवावा.

धडा 4 : परतीची गाडी रिकामी येऊ देऊ नका

दूरच्या गावी माल महाग पडतो याचे मोठे कारण म्हणजे गाडी एका बाजूने रिकामी धावते आणि भाडे दोन्ही बाजूंचे लागते. बैलगाडीच्या काळातही लुगडी घेऊन मनमाडला गेलेल्या गाडीने सूत आणले तर ते स्वस्त पडे. आज टेम्पो-ट्रकचे तसेच आहे. कापड कोणत्या दिवशी जाणार आणि सूत कोणत्या दिवशी येणार याचा मेळ बसवा. वाहतूकदाराला दोन्ही बाजूंचा माल देणारे गिऱ्हाईक हवेसे असते, तो भाड्यात सवलत देतो आणि तंगीच्या दिवसांत आधी तुमचा माल उचलतो.

धडा 5 : उधारीचा भाव रोज मोजा

आडवळणाच्या वस्तीत उधारी टाळता येत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु तिची किंमत ठाऊक पाहिजे. 100 किलो सूत रोखीने 250 रुपयांनी 25,000 ला मिळते आणि महिन्याच्या उधारीवर 256 रुपयांनी 25,600 ला. फरक 600 रुपयांचा, म्हणजे महिन्याला 2.4 टक्के, वर्षाला जवळजवळ 29 टक्के. त्याच व्यापाऱ्याला कापड द्यायचे बंधन असेल आणि तो बाजारापेक्षा मीटरला 50 पैसे कमी देत असेल, तर 1,000 मीटरला आणखी 500 रुपये गेले. एकूण 1,100 रुपये, तेही एका महिन्यात. यातील जायज-नाजायजचा मसला उलेमांनी सांगावा. आम्ही फक्त हिशोब मांडतो, आणि हिशोब असे सांगतो की सूत ज्याच्याकडून उधार घ्यावे त्यालाच सगळे कापड बांधून देऊ नये. निदान चौथा हिस्सा दुसऱ्या दारी विकावा. बाजाराचा खरा भाव कळण्याचा तोच एक मार्ग आहे.

धडा 6 : एकत्र खरेदी, पण लेखी

एका माणसाला गासडी परवडत नाही, पाच जणांना परवडते. पाच कारखान्यांनी मिळून माल मागवला तर मधला एक हात कमी होतो. आमच्या पाहण्यात असे गट पुष्कळ निघाले आणि पुष्कळ मोडले. ते भांडवलाअभावी क्वचितच मोडले. कोणी किती पैसे दिले, ओला माल कोणाच्या वाट्याला गेला, घट कोणी सोसायची, हे आधी लिहून न ठेवल्यामुळे मोडले. भाऊबंदकीत लेखी काय मागायचे, असा संकोच आपल्या लोकांत फार आहे. तो सोडावा. कागद हा अविश्वास नसून नात्याचे रक्षण आहे. शिवाय पावत्या, नोंदणी आणि मागाची कागदपत्रे जवळ असली तर सरकारी योजना, विमा आणि बँक यांच्या दारात उभे राहता येते. 1943 च्या कोट्याच्या काळातली गोष्ट आजही तितकीच खरी आहे.

धडा 7 : वस्तीचे वेळापत्रक ओळखा

हा धडा खास दुकानदार बंधूंसाठी. अलीकडे काही तरुण पेठ, सुरगाणा, हरसूलकडे कापडाची दुकाने घालू पाहतात. विचार चांगला आहे. परंतु नाशिकहून पेठला जाताना सावळघाट आणि कोटंबी घाट लागतात आणि तिकडचा पाऊस आपल्या शहराच्या पावसासारखा नसतो. पावसाळ्याचा माल मे अखेरपर्यंत वर गेला पाहिजे. दुसरे, तेथील पुष्कळ आदिवासी कुटुंबे हंगामात दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला उतरतात. तेव्हा गावचा बाजार ओस पडतो आणि होळीला माणसे परतली की हातात मजुरी असते. जो दुकानदार नाशिकचे वेळापत्रक घेऊन तेथे जाईल त्याचा माल चुकीच्या महिन्यात पडून राहील. ज्यांच्यात दुकान घालायचे त्यांचे सण, मजुरी आणि बाजारवार आधी पाठ करावेत, मग माल भरावा.

शेवटी

मालेगावच्या पहिल्या पिढीकडे ना गोदाम होते ना टेलिफोन. मुंबईच्या बाजाराची खबर त्यांना गाडीवानाकडून मिळे. पुरुष मागावर आणि बायका घरी कांड्या भरणार, अशा मेहनतीवर ते टिकले. पण केवळ मेहनतीने टिकणे आणि भरभराटीला येणे यात अंतर आहे. ज्यांच्या घरी पंधरा दिवसांचे सूत होते ते हळूहळू मागांचे मालक झाले, आणि रोज सकाळी व्यापाऱ्याच्या ओट्यावर सुतासाठी उभे राहणारे पिढ्यान्‌पिढ्या मजूरच राहिले. हुनर दोघांकडे सारखाच होता.

म्हणून प्रत्येक वाचकाने या आठवड्यात तीन आकडे काढावेत : रोज किती माल लागतो, वाईटात वाईट किती दिवसांत तो येतो, आणि आज घरात किती आहे. पहिल्या दोन आकड्यांचा गुणाकार तिसऱ्याहून मोठा निघाला, तर नवीन साचा किंवा नवीन फर्निचर घेण्याचा बेत थोडा पुढे ढकलावा आणि आधी ती तूट भरून काढावी. ज्यांना माल देणारे दार एकच आहे त्यांनी दुसरे दार आजच शोधावे. तंगी आल्यावर शोधायला गेलो तर ते बंद असते, किंवा उघडलेच तर भाव त्याचा असतो.

मोहल्ल्यातील चार जणांनी एकत्र बसून हे आकडे काढले तर आणखी चांगले. एकाचा साठा संपतो तेव्हा दुसऱ्याकडे दोन दिवसांचा माल असतो, आणि तेवढ्याने साचा चालू राहतो.